दाराच्या वतीनं

…खोडरबर तर तिथंच होता, दोन इवल्याशा दारांच्या मध्ये, तिनंच पाच मिनिटांपूर्वी कोंबलेला, पांढरा, एका कोपऱ्याला पेन्सिलीचं काळं लागलेला, बोटभर लांबीचा — आणि वर, भिंतीवरच्या पडद्यावर, ठळक हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं : दार बंद आहे.

ती वाकली. चष्मा कपाळावर सरकवून तिनं अगदी जवळून पाहिलं. टेबलावरच्या त्या नमुन्याच्या लिफ्टच्या दारांत चांगली रुंद फट होती, फटीतून मागची लाल वायर दिसत होती. बंद आहे म्हणे! कुठं बंद आहे? तिनं खोडरबर काढला, पुन्हा खुपसला, दार मिटायचं बटण पुन्हा दाबलं. दारं बिचारी निमूट आली, खोडरबराला भिडली, घुरघुरली, मागं हटली, पुन्हा भिडली… आणि पडदा मघासारखाच गार हिरवा. दारांना अजून कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, आणि त्यांच्या वतीनं कुणीतरी उत्तर देऊन मोकळं झालं होतं.

लिफ्ट चालवायचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या या कंपनीत ती बारा वर्षं होती. सगळे तिला ताई म्हणत, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. आणि नवीन काही ग्राहकाकडे जायला निघालं की नमुन्याच्या दारात खोडरबर घालून बघायचा, ही पद्धत तिचीच. यावरून मागं टवाळी व्हायची. होऊ दे. आज संध्याकाळी हे सगळं एका हॉस्पिटलकडे जायचं होतं, स्ट्रेचरच्या लिफ्टसाठी, आणि दार धडधडीत खोटं बोलत होतं… नाही, दार नाही. दार बिचारं कशाला खोटं बोलेल.

फोन खोडरबराच्या डबीशेजारी उताणा पडला होता. गप्प. साडेदहा वाजले होते. म्हणजे लेक नाश्ता करून, लॅपटॉप उघडून बसलेली असणार, किंवा नसणारही. तिचं काय सांगावं. आठ दिवस तिनं लेकीच्या मागं धोशा लावला होता — कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरलास का? भरते, आई. भरलास का? भरणारे गं. अगं पण कधी? आज संध्याकाळी पाच वाजता त्या अर्जाला आपोआप कुलूप लागणार होतं, कुठला कोर्स पहिला हवा, कुठला दुसरा, ते त्याच्या आत क्रमानं भरायचं, मग वर्षभर देव आला तरी बदलता येणार नाही. आणि ही बया पाय वर घेऊन सोफ्यावर बसलेली, विचार करतेय म्हणे! काय विचार करतेयस? माहीत नाही अजून. माहीत नाही म्हणजे काय? अठरा वर्षांची झालीस! — तर लेकीचे बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले होते, तुमचं मायलेकींचं तुम्ही बघा. हात झटकून मोकळे.

मग सकाळी लेक आंघोळीला गेली होती, लॅपटॉप जेवायच्या टेबलावर होता, आणि पासवर्ड… पासवर्ड तिनंच तर ठेवला होता. पहिलं काँप्युटर, दुसरं इलेक्ट्रॉनिक्स, तिसरं पुन्हा काँप्युटर पण दुसऱ्या कॉलेजात, असे सातही रकाने तिनंच भरून टाकले. शेवटी खात्री करायला एक सहा आकडी कोड मागतात, तो तिच्याच फोनवर आला, कारण खातं उघडतानाही नंबर तिनंच दिलेला. आठ दिवस जे होत नव्हतं ते चार मिनिटांत झालं. लेक केस पुसत बाहेर आली तेव्हा ती चपला घालत होती. “काय गं?” “काही नाही, निघते.” संध्याकाळी सांगू. त्यात काय एवढं? शेवटी तेच भरणार होती ना ती? दुसरं काय भरणार होती?

जाऊ दे. आधी हे दार.

तिनं खुर्ची ओढली आणि प्रोग्राम उघडून वरून खाली शोधत निघाली. सगळ्यांत वर ‘दार’. नुसतं दार, कशाचंही नाही. ते तिनं बारा वर्षांपूर्वी लिहिलं होतं, इथं आल्या आल्या, आणि त्यावर तिचा जीव होता, हसायचं तर हसा. त्याच्याखाली लिफ्टचं दार, त्याच्याखाली मालाच्या लिफ्टचं, पार्किंगच्या लिफ्टचं, स्ट्रेचरच्या लिफ्टचं — लेकरं, नातवंडं, पतवंडं मिळून एक्केचाळीस. खालच्यांना वरच्याच्या सवयी आपोआप मिळायच्या : उघडायचं कसं, मिटायचं कसं, काही अडलं तर मागं कसं हटायचं. पण एक गोष्ट तिनं त्या सगळ्यांत वरच्या दाराच्या पोटात ठेवली होती आणि तिच्यावर ‘प्रायव्हेट’ अशी पाटी लावली होती : दाराची खरी स्थिती. ती बाहेरच्या कुणी, अगदी दाराच्या सख्ख्या लेकरांनीही, हात घालून बदलायची नाही. दाराला सांगायचं, मीट. मग विचारायचं, मिटलंस का? ते सांगेल ते खरं. बस्स, एवढाच कायदा. कुणालाही समजावा इतका साधा, आणि म्हणूनच बहुधा कुणाला पाळावासा वाटत नाही.

‘प्रायव्हेट’च्या जागी आता ‘पब्लिक’ होतं.

एकच शब्द. आणि खाली, स्ट्रेचरच्या दारात, मीट म्हणून सांगितल्याच्या लगेच पुढच्या ओळीत, बाहेरून हात घालून लिहून टाकलेलं : बंद आहे, हो. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जागेवरूनच ओरडली, “अरे ए फटाफट!”

त्याचं खरं नाव त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते आता कुणी वाचत नसे. दिवसातून वीसदा ‘फटाफट करून टाकतो’ म्हणणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? चार-पाच वर्षं झाली त्याला इथं, टीमचा प्रमुख होता, कामसू होता, मनानं चांगला होता, आणि तिला त्याच क्षणी त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटत होता. तो हसत हसत, कप हातात घेऊन आला.

“ही पाटी तू बदललीस?”

“कुठली? अच्छा, ती! हो ताई. हॉस्पिटलवाल्यांना दोन सेकंद वाचवून हवे होते ना. दार मिटून, सेन्सर तपासून ‘मिटलं’ म्हणेपर्यंत अडीच सेकंद जातात. म्हटलं, मीट म्हणून सांगितलंय म्हणजे मिटणारच आहे. आपणच आधी लिहून टाकू.”

“आणि हे?” तिनं खोडरबराकडं बोट केलं.

“खाली लोखंडी खटका आहे की. दार खरंच मिटल्याशिवाय लिफ्ट हलायचीच नाही. कुणाला काही होणार नाही.”

“वा! म्हणजे स्ट्रेचरवर माणूस झोपलाय, दारात चादरीचं टोक अडकलंय, लिफ्ट जागची हलत नाही, आणि आतबाहेर सगळीकडं दिवे सांगतायत की दार बंद आहे, सगळं ठीक आहे. दाराकडं कुणी बघणारसुद्धा नाही. सगळे वर जाऊन मोटर तपासत बसतील!”

फोन थरथरला. कुठलासा सहा आकडी कोड, ‘हा कोड कुणालाही सांगू नका’ — तिनं न वाचताच अंगठ्यानं तो बाजूला सारला. दिवसाला असले पन्नास येतात.

“शंभरात एकदा होईल तसं,” फटाफट म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, पण पटत मात्र नव्हतं. “नव्व्याण्णव वेळा ते मिटतंच ना, ताई? शेवटी उत्तर तेच येणार असेल, तर आधी लिहिलं काय आणि…”

“तर विचारलं काय नि न विचारलं काय, असंच ना? कशाला ठेवलंय मग ते दार? काढून टाका!” फोन पुन्हा थरथरला, तिनं तो पालथाच घातला. “त्याच्या पोटात काय आहे ते त्याला ठाऊक. तुला काय ठाऊक? तू कोण त्याचा?”

शेजारच्या टेबलावरची दोन डोकी वळली. फटाफटनं कप तोंडाला लावला आणि तो कपातच बघत राहिला. एवढं बोलायला नको होतं… पण बोललं गेलं, आणि आवाज अजून अंगात थरथरत होता. कसला राग आलाय एवढा? दारच तर आहे.

तिनं पाटी पुन्हा ‘प्रायव्हेट’ केली आणि पडद्यावर एकदम सात ठिकाणी लाल रेघा उमटल्या. म्हणजे एकट्या स्ट्रेचरवाल्यानंच नाही! पाटी उघडी दिसल्यावर पार्किंगवाल्यानं हात घातला होता, मालवाल्यानं घातला होता, अजून चौघांनी घातला होता. सगळ्यांना घाई. जेवणाच्या सुट्टीतही ती उठली नाही, एकेका लेकराच्या मागं लागून ती समजावत बसली — तू हे लिहायचं नाहीस, तू विचारायचंस. तूही विचारायचंस — आणि हात चालू असले की डोकं कुठंही भटकतं, तसं ते भटकलं… एका दवाखान्यातल्या हिरव्या रेक्झिनच्या टेबलावर जाऊन पडलं.

अकराएक वर्षांची असेल ती तेव्हा. पोटात कळा. डॉक्टरांनी हात ठेवून विचारलं, “दुखतंय का गं?” आणि आई म्हणाली, “आता कमी आहे.” डॉक्टर तिच्याकडंच बघत होते, आईकडं नाही. त्यांनी हात सरकवला. “इथं?” “नाही, तिथं नाही तिला,” आई म्हणाली. आणि खरी गोष्ट अशी की आई नाही म्हणाली तशी तिलाही वाटलं, नाही दुखत. खरंच वाटलं! आई इतकी खात्रीनं सांगतेय म्हणजे नसेल दुखत. घरी येऊन पुन्हा दुखायला लागलं तेव्हा तिला आधी लाज वाटली होती, आपण आईला खोटं पाडतोय म्हणून. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. आणि वर, शुद्धीवर आल्यावर आई रडत रडत म्हणते काय, तर तू बोलली का नाहीस गं?

बोलली का नाहीस! कधी बोलणार होते, आई, तू जागा सोडली होतीस का मध्ये?

…म्हणूनच ते दार तसं लिहिलं होतं. असं तिला आज पहिल्यांदाच वाटलं, आणि लगेच वाटलं की छे, काहीतरीच, ते पुस्तकातच तसं असतं, कुणीही तसंच लिहिलं असतं. तिनं पाचवी लाल रेघ मिटवली. आई गेल्यालाही आता सहा वर्षं झाली. तिच्यावर चिडून काय उपयोग?

अडीच वाजता साहेबांनी बोलावलं. साहेब कॉफी पार गार करून पीत, त्यामुळं त्यांच्या खोलीतल्या कुठल्याही बैठकीत एक कप उगाचच मध्ये बसलेला असायचा. फटाफट आधीच येऊन बसला होता. हॉस्पिटलला शब्द दिलाय, साहेब म्हणाले, सहा वाजेपर्यंत जायलाच हवं.

“नाही जाणार.”

“ताई, तत्त्वं उद्या. आज डिलिव्हरी.”

“साहेब, हे तत्त्व नाही, दार आहे.”

फटाफटला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं. साहेबांनी सुस्कारा सोडला. त्यांना ठाऊक होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. आणि ती बोलायला लागली. बोलायला लागली की तिला कुणी अडवत नसे, इतकं ते मुद्देसूद असायचं.

“दाराकडं तीन उत्तरं असतात. उघडं, बंद, आणि माहीत नाही. मिटत असताना, मधल्या अडीच सेकंदांत, त्याचं उत्तर ‘माहीत नाही’ हेच असतं आणि तेच खरं असतं. यानं ते तिसरं उत्तरच काढून टाकलंय. का? तर आपल्याला थांबवत नाही. दार चुकत नाहीये, साहेब, दार रेंगाळतही नाहीये, ते मध्ये आहे. त्याला मध्ये असू द्या ना जरा! पण नाही, आम्हालाच कळतं त्याचं काय होणार आहे, आम्हीच आत हात घालून लिहिणार, आणि वर म्हणणार, शेवटी तेच तर होणार होतं…”

तिचा आवाज पुढं जात होता. तिला तो ऐकू येत होता, वाक्यं नीट लागत होती, साहेब मान हलवत होते. पण आत कुठंतरी, त्या वाक्यांच्या खाली, सोफ्यावर पाय वर घेऊन कुणीतरी बसलेलं होतं आणि म्हणत होतं, माहीत नाही अजून. रोज म्हणत होतं. आठ दिवस. अगदी तेच उत्तर, तेवढंच खरं. आणि मी म्हणाले होते, माहीत नाही म्हणजे काय? मी! एक्केचाळीस दारांसाठी भांडणारी मी… पासवर्ड तिनंच ठेवला होता. नंबर तिचाच होता. चार मिनिटांत सात रकाने.

“…आणि मग दार काय म्हणतंय ते कळायची सोयच उरत नाही,” तिचं तोंड म्हणालं, “कारण जे ऐकू येतं ते आपलंच लिहिलेलं असतं.”

साहेबांनी गार कॉफीचा घोट घेतला. “बरं बाई,” ते म्हणाले, “उद्या सकाळी पाठवू. मी करतो त्यांना फोन. तुझ्यापुढं कुणाचं काही चाललंय का?” फटाफट उठता उठता म्हणाला, “सॉरी ताई. हे तिसऱ्या उत्तराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.” तिनं मान हलवली. जिंकली होती. आणि तोंड कडू झालं होतं, काहीतरी शिळं खाल्ल्यासारखं.

बाथरूममध्ये तिनं तोंडावर पाणी मारलं. आरशात बघायचं टाळलं. नाही, पण यात फरक आहे, तिनं स्वतःशी हुज्जत घातली. दार दार असतं, पोर पोर असते. पोराच्या भल्याचं आईनं बघायचं नाही तर कुणी बघायचं? आईही हेच म्हणायची. शब्दन् शब्द. आणि आपण तिच्यासारखं वागायचं नाही, हे तर तिनं दवाखान्यातच ठरवलं होतं ना? ठरवलं होतं आणि वाटत होतं की जमलंय. मग एकेक आठवायला लागलं, नको असताना, रांग लावून. नातेवाइकांकडं — तिला गोड आवडत नाही. शाळेत बाईंसमोर — ती जरा लाजरी आहे. केस कापायच्या दुकानात — खांद्यापर्यंतच ठेवा, तिला तसेच आवडतात. लेक दर वेळी शेजारी उभी, तिच्या तोंडाकडं बघत. आवडत होते का गं तुला तसेच? कुणी विचारलं होतं? सवयी तेवढ्या आपोआप खाली येतात. वरून खाली, विचारल्याशिवाय, एकही गाळली जात नाही.

चार वाजून पाच मिनिटं. तिनं फोन सुलटा केला.

लेकीचा फोन नव्हता, निरोप नव्हता. तिनं सकाळचे बाजूला सारलेले मेसेज उघडले. दहा बावन्न : प्रवेश अर्जात बदल करण्यासाठी आपला कोड. दहा चोपन्न : प्रवेश अर्जात बदल करण्यासाठी आपला कोड. अकरा वाजून एक मिनिट. तीन. त्यानंतर एकही नाही.

तीनदा. तीनदा त्या मुलीनं दार ठोठावलं होतं, आणि ती इथं बसून फटाफटला विचारत होती, तू कोण त्याचा.

आधी आला तो संतापच. मग फोन का केला नाहीस, कार्टे? एक फोन! तोंड शिवलं होतं का तुझं? — आणि हे वाक्य आपण कुणाच्या आवाजात बोलतोय ते तिला ऐकू आलं आणि ती पाण्याच्या नळावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

मग तिनं फोनवरच अर्ज उघडला. पुसून टाकावं सगळं, सातही रकाने रिकामे करावेत, झालं गेलं गंगेला मिळालं. अंगठा ‘रद्द’वर गेला… आणि थांबला. म्हणजे पुन्हा मीच. भरलं तेही मी, पुसणारही मीच. पन्नास मिनिटं उरलेली, आणि तिला कदाचित यातलं काही ठेवायचंही असेल. असेल का? माहीत नाही. तिनं दातओठ खाऊन अर्ज बंद केला. साधी गोष्ट होती, तिसरीतल्या मुलालाही कळावी अशी : विचारायचं. आणि त्यासाठी जिन्यातल्या खिडकीशी जाऊन उभं राहायला तिला वीस मिनिटं लागली. वाटेत दोनदा ती आपल्या जागेवर जाऊन बसली, सातवी लाल रेघ मिटवली, एकदा उगाचच पाणी प्यायली.

“हॅलो,” लेक म्हणाली.

“काय करतेयस?”

“काही नाही.”

“अर्ज… बघितलास?”

“हो. सकाळीच. तू गेल्यावर.”

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

“बदलायला गेली होतीस?”

“हं. कोड तुझ्याकडं येतो.”

“मग मला फोन करायचास की! मी दिला नसता का?”

“दिला असतास. पण आधी काय म्हणाली असतीस?”

का? काय बदलायचंय? कुणी भरवलंय डोक्यात? नीट विचार केलायस का? बरं, कर बाई तुझ्या मनासारखं, मग मला सांगायला येऊ नकोस… आणि मग कोड. तिला सगळं पाठ होतं. लेकीलाही पाठ होतं.

“राहू दे गं, आई,” लेक म्हणाली. “ठीक आहे ते. चालेल मला.”

ठीक आहे. किती सहज म्हणाली! काल, परवा, कधीही तिनं हे ऐकून सुटकेचा श्वास टाकला असता आणि कामाला लागली असती. आता तिला ते दोन शब्द तपासून बघावेसे वाटले, आणि तपासायची काही सोयच नव्हती. हे लेकीचं आहे? का मीच कधीतरी आत ठेवलेलं, तेच मला परत ऐकू येतंय? अठरा वर्षांत ही किती वेळा ठीक आहे म्हणाली असेल, आणि त्यातलं कितीदा होतं?

“नाही,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. “तुला काय घ्यायचंय?”

“आता विचारतेस?”

“हो. आता विचारतेय. चुकलं माझं.”

पलीकडं पंखा फिरत असल्याचा आवाज, किंवा तिच्या स्वतःच्या कानातला. खिडकीखाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं. तिच्या जिभेवर लगेच उत्तरं गोळा व्हायला लागली — इंटिरिअर डिझाइन घ्यायचंय का? मैत्रीण घेतेय तेच का? मानसशास्त्र? एक वर्ष थांबायचंय का? — एकेक पुढं सरकवायला तयार, निवड यातलं, म्हणजे सुटलो दोघी. अडीच सेकंद कधीच होऊन गेले होते. किती वेळ लावते ही! तिनं खालचा ओठ दाताखाली धरला, चांगला दुखेपर्यंत.

“थांब,” लेक म्हणाली. “लॅपटॉप उघडते.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फोन तिच्या कानाशीच थरथरला. तिनं तो काढून बघितला, आकडे वाचून दाखवले. “परत सांग,” लेक म्हणाली. तिनं परत सांगितले, सावकाश, सुटे सुटे. मग कळा दाबल्याचे आवाज. मग काहीच नाही. मग पुन्हा, एकच कळ, बऱ्याच वेळा. पुसतेय की खाली उतरतेय? एक गेला असेल, दुसरा गेला असेल… की पहिलाच तसाच ठेवलाय? तिला कळेना आपल्याला कशाची जास्त भीती वाटतेय, तिनं सगळं बदलण्याची की काहीच न बदलण्याची.

पाचला अकरा मिनिटं कमी होती तेव्हा लेक म्हणाली, “झालं.”

“का—” ती म्हणाली आणि ‘काय भरलंस’ गिळून टाकलं. पासवर्ड होता. जागेवर जाऊन बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. घरी जाईपर्यंत ती दहादा तरी त्या मोहाशी भांडणार होती, आणि दहाही वेळा जिंकेल याची तिला मुळीच खात्री नव्हती. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं विचारलं, “जेवलीस का?”

“हो.”

ते हो इतकं पटकन आलं होतं की तिच्या तोंडून ‘बरं, ठेवते’ निघालंच होतं जवळजवळ.

“नाही,” लेक म्हणाली. “नाही जेवले. सकाळपासून काहीच नाही खाल्लं.”

आता तिच्या ओठांशी सगळं एकदम आलं — पाच वाजत आले, हे काय वय आहे उपाशी राहायचं, फ्रीजमध्ये डबा आहे, गरम करून घे, नुसतं गार खाऊ नकोस — सगळं, आईच्या आवाजातलं, तिच्या आवाजातलं. तिनं कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं.

“बरं,” ती म्हणाली.

आणि दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही. पलीकडं लेक नाकानं श्वास घेत होती, थोडा अडकल्यासारखा, रडून झाल्यावर घेतात तसा. कधी रडली होती, सकाळी की आत्ता, तेही ठाऊक नव्हतं. तिचा स्वतःचा राग गेला नव्हता, कुणावरचा आहे एवढंच आता सांगता आलं नसतं. अठरा वर्षं जिच्या वतीनं ती बोलत आली होती, त्या मुलीबद्दल आपल्याला फारसं काही माहीतच नाही, हे तिथं उभ्या उभ्या तिला कळलं आणि ती घाबरली; आणि घाबरलेली असतानाच, कितीतरी दिवसांनी, तिला त्या मुलीशी ओळख करून घ्यावीशी वाटली.